पहिली गाडी बुलेट नको

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की भाचा शेजारी उभा आहे आणि हा फोन त्यानेच करायला लावलाय. पाऊसपाणी झालं, उसाची लागण झाली, मग मुद्दा आला. "अरे, ह्याला गाडी घ्यायचीय. म्हणतोय, मामा चेन्नईलाच आहे, बुलेटची फॅक्टरी तिथंच आहे, शिवाय मामाला कॅन्टीन पण आहे. तर तू तिकडूनच काढून पाठव."

कॅन्टीन हा शब्द नातेवाइकांच्या तोंडी आला की फौजी माणूस सावध होतो. निवृत्त मंडळींना हे वेगळं सांगायला नको. ताईला सांगितलं की कॅन्टीनची गाडी फौजीच्या स्वतःच्या नावावर निघते, भाच्याच्या नाही. फॅक्टरीच्या दारात कुणी गाडी विकत नाही. आणि तमिळनाडूत नोंदवलेली गाडी साताऱ्याला नेऊन ठेवायची म्हणजे एनओसी, पुन्हा रोड टॅक्स, आरटीओच्या चकरा. एवढं ऐकल्यावर फोन भाच्याने घेतला. "मामा, मग साताऱ्यातनंच घेतो. पण बुलेट घेऊ ना?"

मी म्हटलं, "तुला गाडी येते का?"

"येते की. मित्राची चालवतो."

"थांबवता येते का?"

तो हसला. त्याला वाटलं मामा चेष्टा करतोय.

मी चेष्टा करत नव्हतो. त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. त्याच्या वयाची पोरं प्रत्येकाच्या घरात आहेत.

आधी बुलेटबद्दल, कारण मी तिच्याविरुद्ध बोलतोय असं कुणाला वाटायला नको. मी सिग्नल्सचा माणूस. भरतीनंतर जबलपूरला ट्रेनिंग झालं आणि सुरुवातीची काही वर्षं मी डीआर होतो, आमच्या बोलीत डॉन आर. डिस्पॅच रायडर म्हणजे डाक घेऊन मोटरसायकलवर पळणारा. माझी गाडी बुलेटच होती. आता पोस्टिंगही तिच्याच गावात आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेला सरहद्दीवर चालेल अशी गाडी हवी होती, ती ३५० सीसी बुलेट ठरली. पहिल्या गाड्या इंग्लंडातल्या रेडिचहून आल्या. मग १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रॉयल एनफील्ड यांनी मिळून एनफील्ड इंडिया काढली आणि उत्तर मद्रासमध्ये तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. पुढे इंग्लंडातली मूळ कंपनी बंद पडली, मद्रासची चालू राहिली. आता मोठं उत्पादन शहराबाहेर ओरगडम आणि वल्लम वडगलला होतं. पण इथे आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी मी रोयपुरमवरून तोंडियारपेट करत तिरुवोट्टियूरला जाऊन आलो. बाहेरच्या बाहेर बघितलं, एक चहा घेतला आणि परत आलो. देवळाला जाऊन आल्यासारखं वाटलं.

तर बुलेटवर माझा जीव आहे. आणि मी सांगतोय की पहिली गाडी ती नको.

आमच्या वेळची बुलेट शिकणं हा एक रगडाच होता. आधी अँपिअरच्या काट्याकडे बघत पिस्टन जागेवर आणायचा, डिकॉम्प्रेसर सोडायचा, मग किक. जागा चुकली की किक उलटी यायची आणि पोटरीला अशी बसायची की दोन दिवस परेडला लंगडत. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बाकीच्या सगळ्या गाड्यांच्या नेमकं उलट. उस्ताद आम्हाला पहिले काही दिवस गाडी सुरूच करू द्यायचे नाहीत. बंद गाडी ढकलत ग्राउंडला फेऱ्या मारायच्या, आडवी पाडायची, उचलायची, स्टँडला लावायची, काढायची. तेव्हा आम्ही मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आता कळतं, तो माणूस आम्हाला वजन शिकवत होता.

मोटरसायकल पडते ती बहुतेक वेळा जोरात असताना नाही, हळू असताना. सिग्नलला थांबताना, पार्किंगमध्ये वळवताना, चढावर अडकल्यावर. तेव्हा गाडी सावरते ती रायडरच्या पायांवर. आजची क्लासिक ३५० वजनाला १९५ किलो आहे, स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास. हा ८३ किलोंचा फरक म्हणजे पाठीवर एक अख्खा जवान. तिशीतला सरावलेला माणूस तो सहज पेलतो, कारण तो गाडी तिरकी होऊच देत नाही. नवशिक्याची होते. ११२ किलोची गाडी कलली तर पोरगा पाय टेकून तिला उभी करतो. १९५ किलोची कलली तर ती त्याला घेऊनच खाली जाते. आणि एकदा ती पायावर पडली की त्याच्या मनात भीती बसते. घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरतो आणि समोरच्या चाकाकडे बघत गाडी चालवतो. तशी चालवणारा पुन्हा पडतोच.

इथे तमिळनाडूत टू-व्हीलरच्या लायसन्सला आठ काढावा लागतो. "एट्टु पोडु," म्हणजे आठ काढ. जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून गाडी न्यायची आणि पाय टेकवायचा नाही. लोक ह्या परीक्षेला हसतात, रस्त्यावर कुठे आठ काढायचाय म्हणतात. मला ती फार शहाणी परीक्षा वाटते. आठ काढताना जोर कामाला येत नाही. पहिला गिअर, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर पुढच्या वळणावर. चाकाकडे बघितलंत की पाय टेकलाच. जिकडे नजर तिकडे गाडी जाते. म्हणूनच खड्ड्याकडे टक लावून बघणारा नेमका खड्ड्यात जातो. आमच्या लाइनमध्ये नव्या पोरांना मी रविवारी सकाळी एमटीच्या ग्राउंडवर चुन्याने आठ आखून देतो. एकदा एक तमिळ हवालदार शेजारी उभा राहून प्रत्येकाला "मेल्ला, तंबी, मेल्ला" म्हणत होता. हळू, बाळा, हळू. यूपीच्या पोरांनाही ते बरोबर कळत होतं.

पण आठ काढता आला म्हणजे गाडी आली, असं मीही समजत होतो. ती माझी चूक होती आणि तिची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याने मोजली.

आमच्याकडे सांगली भागातला एक पोरगा होता. नाव लिहीत नाही. चांगला धावणारा, कोर्सला जाणार होता. घरी कधी गाडी नव्हती, त्यामुळे मोटरसायकल येत नव्हती आणि त्याची त्याला लाज वाटायची. माझ्याकडे आला, "साहेब, सुट्टीच्या आधी शिकवा." मी दोन रविवारी शिकवलं. क्लच, गिअर, आठ. दुसऱ्या रविवारी त्याने न टेकता तीन आठ काढले आणि मी पाठ थोपटून म्हणालो, "झालं. येते तुला गाडी." तो सुट्टीवर गेला. गावाला यात्रा होती. चुलतभावाची नवी गाडी होती, जड आणि जोरदार. संध्याकाळी शेजारच्या गावाहून येताना पुढे उसाची ट्रॉली उभी होती. तिला ना मागचा दिवा, ना रिफ्लेक्टर. त्याला ती दिसली, हे तो स्वतःच सांगतो. दिसली आणि त्याने मागचा ब्रेक पूर्ण दाबला. मागचं चाक लॉक होऊन गाडी घसरत ट्रॉलीखाली गेली. पुढच्या ब्रेकला त्याने बोटही लावलं नाही, कारण मी त्याला तो शिकवलाच नव्हता. उलट ग्राउंडवर सांगितलं होतं की पुढचा दाबू नको, पडशील.

वाचला. मांडीत प्लेट बसली, मेडिकल कॅटेगरी खाली आली, कोर्स गेला. आता स्टोअरमध्ये बसतो. भेटला की "राम राम साहेब" म्हणतो आणि कधी काही बोलून दाखवत नाही.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटून पडतो, हे आपल्याकडे बापाने पोराला सांगितलेलं पहिलं वाक्य असतं. सायकलपासून चालत आलंय. खरं असं आहे की ब्रेक लागला की गाडीचं सगळं वजन पुढे येतं, पुढचं चाक जमिनीत रुततं आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक गाडी थांबवणार कसं? ते नुसतं घसरतं. कोरड्या सरळ रस्त्यावर थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. पडतो तो झटक्याने दाबणारा, किंवा वळणात गाडी तिरकी असताना दाबणारा. लिंबू पिळतात तसा दाबायचा, आधी हलका मग वाढवत, आणि मागचा सोबतीला. हे वाचून येत नाही. रिकाम्या ग्राउंडवर वीसच्या स्पीडने दहा वेळा, मग तीसने, मग चाळीसने. दगड ठेवायचा आणि बघायचं किती पुढे जाऊन थांबलो. आणि एक हिशेब डोक्यात ठेवायचा. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर संपले.

फौजेत रायफल हातात दिल्यावर आधी फायर करायला शिकवत नाहीत. खाली करायला शिकवतात, चेंबर रिकामं आहे ना हे बघायला शिकवतात. वीस वर्षं हे पाहून मला मोटरसायकल शिकवताना ते सुचलं नाही.

आता भाच्याचा प्रश्न, कुठली घेऊ. माझं मत असं की पहिली गाडी जुनी घ्यावी, १०० ते १२५ सीसी, आणि वर्षभराने विकायची हे ठरवूनच घ्यावी. जुनी अशासाठी की ती पडणार आहे. नव्या गाडीच्या टाकीला ओरखडा आला की घरात सुतक येतं, आणि पोरगं ओरखड्याच्या भीतीने ब्रेकचा सराव करत नाही. गाडीवर बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाही. बंद गाडी एकट्याने मागे ढकलता आली पाहिजे आणि आडवी पडली तर एकट्याने उचलता आली पाहिजे. शोरूममध्ये हे कुणी करू देणार नाही, जुनी गाडी विकणारा करू देतो. जाताना गावातला ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यायचा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्याशी ताडून बघायचा. पुढचे फोर्क सरळ आहेत का, हँडल सोडलं की गाडी एका बाजूला ओढते का, इन्शुरन्स चालू आहे का, एवढं बघायचं. आणि आरसी लगेच आपल्या नावावर करून घ्यायची. "करू नंतर" म्हणून ठेवलेली गाडी अपघातानंतर कुणाचीच नसते.

कुणी म्हणेल, लहान गाडीला एबीएस नसतं. बरोबर आहे. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, खालच्यांना दोन्ही ब्रेक जोडलेलं सीबीएस पुरे ठरलं. घरी पैसे असतील आणि पोरगा धट्टाकट्टा असेल तर १५०-१६० सीसीची एबीएसवाली घ्या, माझी ना नाही. ती बुलेटपेक्षा बरीच हलकी असते. पण एबीएस आहे म्हणून ब्रेकचा सराव करायचा नाही, असं चालणार नाही. चाक लॉक होऊ न देणं एवढंच ते करतं. ब्रेक कधी दाबायचा ते आपल्यालाच कळावं लागतं.

आणि अठरा पूर्ण नसतील तर काहीच नको, जुनी नको आणि नवीही नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर बापाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावाकडे अजून लोकांना ही थाप वाटते.

हेल्मेटबद्दल फौजी वाचकांना एक गोष्ट सांगायची आहे, कारण हेल्मेट ही आम्हा डॉन आर मंडळींची देणगी आहे. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडात डॉर्सेटच्या रस्त्यावर दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याच्या डोक्यातून ते मरण गेलं नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, दिवे बंद ठेवलेल्या रस्त्यांवर डिस्पॅच रायडर मरायला लागले. केर्न्सने १९४१ मध्ये आकडे मांडले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलवाले आणि त्यांच्या मागे बसलेले मेले होते, आणि मरणाचं मोठं कारण डोक्याचा मार हे होतं. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्याला सातच सापडले. सातही जण जगले होते. त्याच वर्षी ब्रिटिश फौजेने ड्युटीवरच्या मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं.

आपल्याकडे २०२२ च्या सरकारी अहवालात रस्त्यावर मेलेले १,६८,४९१ आहेत. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नसल्यामुळे गेलेले ५० हजारांच्या वर. एकवीस महिन्यांचं युद्ध नाही, एका वर्षाचा आकडा आहे हा. तमिळनाडूत २०१५ च्या जुलैपासून मद्रास हायकोर्टाच्या आदेशाने हेल्मेटची सक्ती पुन्हा कडक झाली, आणि आमच्या गेटवर आरपी तर हेल्मेटशिवाय कुणाला आत-बाहेर करू देत नाही. पण तोच जवान सुट्टीवर गेला की हेल्मेट आरशाला लटकतं. गावात कोण घालतं, लोक हसतात. अरे, सरहद्दीवर पटका घालताना कोण हसलं होतं? आयएसआयचा शिक्का बघून घ्या, डोक्याला घट्ट बसतं ना बघा आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी पडतं. पायात बूट. चप्पल घालून गिअर टाकणाऱ्या पोराला मी ग्राउंडवरून परत पाठवतो.

चेन्नईचे रस्ते शिकायला बरे की वाईट, असं एकाने विचारलं होतं. शिकायला वाईट, शिकलेलं तपासायला उत्तम. पाण्याच्या लॉऱ्या इथे कुणासाठी थांबत नाहीत. मेट्रोच्या खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात चाक साबणावर पडल्यासारखं सरकतं. समुद्राच्या बाजूच्या रस्त्यांवर वळणावर वाळू असते. पत्रा असो की वाळू, तिथे ब्रेक नाही. स्पीड त्याच्या आधी कमी करायचा, हलकं सरळ जायचं. हे मी इथेच शिकलो, वय चाळीसच्या पुढे गेल्यावर.

काल भाच्याचा मेसेज आला. गावातल्या मास्तरांची स्प्लेंडर विकायची आहे, आठ वर्षांची, मागचा टायर गेलेला. फोटो पाठवलाय, तोंड पाडून काढलेला, गाडीचाही आणि स्वतःचाही. मी लिहिलं, टायर आधी बदल, मग बस. दिवाळीला मी पंधरा दिवस येतोय. शाळेचं मैदान सकाळी सहाला रिकामं असतं, चुन्याची पिशवी तू आण. त्याने विचारलं, मामा, बुलेट मग कधी? मी लिहिलं, चाळीसच्या स्पीडवरून माझ्या दगडापाशी थांबून दाखव, मग बोलू.